कॅमेरा कोचकडे वळवा

शेख झायेद रोड सोडून आतल्या अंगाला वळलं की काचेच्या मनोऱ्यांची दुबई मागे पडते आणि अल क्वोज सुरू होतं. गॅरेजं, सुतारकामाचे कारखाने, टाइल्सची दुकानं, ट्रकांच्या रांगा, कामगारांच्या वसाहती. यातल्याच काही गोदामांत २००८ च्या आसपास चित्रांच्या गॅलऱ्या आल्या आणि अलसरकाल अ‍ॅव्हेन्यू हे नाव कलेच्या जगात सर्वतोमुखी झालं. फुटबॉलही इथे गोदामांतच मुक्कामाला आला, त्याच्यावर मात्र कुणी लेख लिहिले नाहीत. कारण अगदी व्यवहारी होतं. मे ते सप्टेंबर या शहरात मुलांना संध्याकाळीसुद्धा उघड्यावर पळवणं धोक्याचं असतं. गोदामाचं छत उंच असतं, मधे खांब फार नसतात, एसी बसवता येतो. खाली हिरवं टर्फ अंथरलं आणि बाजूंना जाळी लावली की पाच-पाच जणांचं मैदान तयार. शेजारच्या शेडमध्ये कुणाच्या तरी गाडीला रंग मारला जातोय आणि इकडे आठ-आठ वर्षांची पोरं बिब्स घालून चेंडूमागे पळतायत, याचं अल क्वोजमध्ये कुणाला नवल वाटत नाही.

या पोरांना शिकवणारे लोक दोन प्रकारचे. मोठ्या अकादम्यांकडे परवानाधारक प्रशिक्षक असतात, त्यांची फीही तशीच असते. उरलेल्या ठिकाणी शिकवणारा माणूस म्हणजे कुणाचा तरी बाबा. आठवडाभर लॉजिस्टिक्स कंपनीत, एसी दुरुस्तीत नाहीतर हिशेबाच्या वह्यांत, आणि शनिवारी सकाळी गळ्यात शिट्टी. कॉलेजात असताना विंगला खेळलेला, आता गुडघा कुरकुरतो, पण पोराच्या मित्रांना कुणीतरी शिकवायला हवं म्हणून पुढे झालेला. मलयाळी मंडळींचं बरं आहे. त्यांच्याकडे सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलची, जुनी परंपरा आहे, दहा माणसांत तीन तरी नीट खेळलेले सापडतात. आपल्या मराठी घरांत क्रिकेटवालेच जास्त. ऑफसाइड कशाला म्हणतात यावर दोन बाबांची बाजूला उभं राहून चर्चा रंगते आणि दोघांचंही चुकलेलं असतं.

ही पुस्तिका अशा बाबांसाठी आहे, आणि आयांसाठीही, कारण त्याही आता शिट्टी घेऊन उभ्या राहू लागल्या आहेत. फोन आणि इंटरनेट हाताशी आहे, गुरू हाताशी नाही, अशा माणसाने चांगला कोच व्हायला काय करावं, एवढाच तिचा विषय.

कोच घडवायची आपली जुनी रीत काय होती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं मुळात तालमींची. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल उचलला, संस्थानच्या राजघराण्याने त्याला आसरा दिला, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि शाहू स्टेडियमवर पेठा-पेठांचे सामने पिढ्यान् पिढ्या गाजत राहिले. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. या गावात कोच होण्यासाठी कुणी कागद भरत नसे. खेळून थांबलेला माणूस मैदानाच्या कडेला उभा राहायचा, त्याच्याशेजारी त्याच्याहून म्हातारा उभा असायचा आणि तो म्हातारा कानात पुटपुटत राहायचा: त्याला आत घे, याला आज बसव, ओरडू नको. नव्या कोचला जे काही येतं ते त्या पुटपुटण्यातून आलेलं असे. यात दोषही भरपूर होते. शिव्या वारशाने यायच्या, लहान पोरांना मोठ्यांसारखं पळवलं जायचं, मुलींचा तर प्रश्नच नव्हता. पण कोचकडे बघणारं कुणीतरी होतं, हे विसरून चालणार नाही. अल क्वोजच्या शेडमध्ये पोरांकडे कोच बघतो, कोचकडे कोणीच बघत नाही. पालक बाहेर गाडीत एसी लावून बसलेले असतात.

त्या म्हाताऱ्याची जागा भरून काढायला आता फोन आहे, असं सगळेच म्हणतात. फोनवर काय काय मिळतं, ते आधी भराभर सांगून टाकतो. २०२० च्या मार्चमध्ये अमिरातीतल्या शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर गेले, खेळाच्या जागांना कुलपं लागली आणि प्रशिक्षकांचं शिक्षणही जगभर पडद्यावर सरकलं. त्याच वर्षी भारतात क्रीडा प्राधिकरण आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मिळून ‘खेलो इंडिया ई-पाठशाला’ सुरू केली. घरच्या अंगणात केलेल्या सरावाचा व्हिडिओ मुलाने पाठवायचा, प्रशिक्षकाने तो पाहून सूचना द्यायच्या, अशी तिची पद्धत. फिफाचं ‘ट्रेनिंग सेंटर’ २०२१ पासून मोफत खुलं आहे. आर्सेन वेंगर फिफात फुटबॉल विकासाचे प्रमुख झाल्यावर उभ्या राहिलेल्या कामांपैकी हे एक. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपला जुना पहिल्या पायरीचा कोर्स मोडीत काढून त्याजागी ऑनलाइन प्राथमिक कोर्स आणला, तोही २०२१ सालीच. अमेरिकेने टाळेबंदीची वाट पाहिली नव्हती: तिथे २०१८ पासून तळागाळाच्या परवान्यांचे तुकडे पाडलेत, चार-चार जणांच्या खेळाचा वेगळा, सातांचा वेगळा, नवांचा वेगळा, अकरांचा वेगळा, आणि प्रत्येक तुकडा ऑनलाइनही करता येतो. ज्याला सहा वर्षांची पोरं शिकवायचीत त्याने अकरा जणांची व्यूहरचना शिकण्यात रविवार घालवू नये, हा त्यातला विचार मला फार पटतो. भारतात डी परवाना महासंघाचा, आणि सी पासून वरची शिडी आशियाई महासंघाच्या चौकटीतली. तिथे मैदानावर उभं राहून परीक्षा द्यावीच लागते आणि ते योग्यच आहे.

यापलीकडे यूट्यूब आहे, इन्स्टाग्राम आहे. आणि आजार तिथूनच सुरू होतो.

आजाराचं नाव ड्रिल जमवणे. कोच रात्री अंथरुणात पडून एकामागून एक व्हिडिओ बघतो. बार्सिलोनाच्या मुलांचा सराव, आयाक्सच्या मुलांचा सराव, कोनांची रांगोळी, शिडीवरची नाचानाच, शेवटी एक सुरेख गोल. शनिवारी तो तेच करायला जातो. गोदामात चौदा पोरं, एक गोल, एक गोलकीपर. कोन मांडण्यातच सात-आठ मिनिटं जातात. मग पोरांची रांग लागते. हिशेब करून बघा: कोनांतून चेंडू नेऊन गोलवर मारायला एकेकाला पंधरा सेकंद धरले, तर चौदा जणांची फेरी साडेतीन मिनिटांची झाली. पाव तास हा प्रकार चालवला तर प्रत्येक पोराच्या वाट्याला चार किक येतात. उरलेला सगळा वेळ ते रांगेत उभं राहून पुढच्याचं बिब ओढत असतं. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण तिथे रांग कापून टाकलेली असते.

लहान मुलांना रांगेत उभं करू नका, खेळ लहान करा, हे सांगणाऱ्यांत होर्स्ट वाइन या जर्मन माणसाचं नाव मोठं आहे. तीन विरुद्ध तीन, आणि दोनऐवजी चार छोटे गोल, म्हणजे पोराला मान वर करून बघावंच लागतं की कुठली बाजू मोकळी आहे. ‘फुनिनो’ म्हणतात त्याला. गंमत अशी की वाइन मूळचे हॉकीचे प्रशिक्षक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा हरलेल्या स्पेनचे प्रशिक्षक तेच होते. जर्मनीच्या महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांना छोट्या मैदानांवरचे, छोट्या गोलांचे हे खेळ बंधनकारक केले, पण ते पाहायला वाइन नव्हते. २०१६ साली ते गेले. अल क्वोजच्या गोदामी मैदानाला हा खेळ अगदी फिट बसतो. मैदान आडवं दोन भागांत तोडायचं, कोनांचे आठ गोल, बारा पोरं खेळतात, दोन पोरं दर दोन मिनिटांनी बदलतात. कोन मांडायला एक मिनिट लागतं.

म्हणजे चांगला मसालाही इंटरनेटवर आहे आणि कचराही तिथेच आहे, असं म्हणून मी थांबू शकलो असतो. बहुतेक पुस्तिका तिथेच थांबतात आणि पुढे चांगल्या दुव्यांची यादी देतात. ही पुस्तिका लिहिणाऱ्या आम्हा कोचांचं म्हणणं थोडं वेगळं आहे. फुनिनोसुद्धा वाईट शिकवता येतो. आम्ही तो बऱ्यापैकी वाईट शिकवत होतो, आणि शिकवत असताना आम्हाला ते कळत नव्हतं.

कोचला आपण काय करतो ते कळत नाही, ही गोष्ट फार पूर्वी मोजून झाली आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लिट्ल लीग बेसबॉलचे कोच निवडले. मैदानाच्या कडेला निरीक्षक बसवले आणि कोचची प्रत्येक कृती टिपून घेतली: शाबासकी दिली, चुकीवर धीर दिला, चुकीवर झापलं, चुकीकडे दुर्लक्ष केलं, सूचना केली. मग कोचला विचारलं, तुम्ही काय काय आणि किती वेळा करता? पोरांनाही विचारलं, तुमचे सर काय काय करतात? कोचची उत्तरं आणि निरीक्षकांच्या नोंदी जुळेनात. शिक्षा करण्याचा भाग सोडला तर कोचला स्वतःच्या वागण्याचा फारसा पत्ता नव्हता. पोरांची उत्तरं मात्र निरीक्षकांशी पुष्कळ जास्त जुळली. पुढे याच मंडळींनी कोचसाठी अडीच तासांचं एक शिबिर बेतलं. चूक झाली की आधी धीर द्या, मग कसं करायचं ते सांगा, मेहनतीचं कौतुक करा, स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवा. यापलीकडे त्यात काही नव्हतं. १९९२ साली त्यांनी छापलेल्या अभ्यासात असं दिसलं की शिबिर केलेल्या कोचांकडची ५ टक्के पोरं पुढच्या हंगामात गळाली, शिबिर न केलेल्यांकडची २६ टक्के. अडीच तास! एखाद्या रविवारी दुपारी जेवणानंतर होऊन जाईल एवढा वेळ.

दुसरं उदाहरणही १९७० च्या दशकातलंच, पण शिखरावरच्या माणसाचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या बास्केटबॉल संघाचे जॉन वुडन यांच्या सरावाला रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोघे जाऊन बसले. वुडन यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती त्यांनी मोजल्या. पाऊणभर निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं, पुन्हा कर. कौतुक साडेसहा-सात टक्के, नापसंतीही जवळपास तेवढीच. भाषणं नव्हती. सांगणं तुटक आणि छोटं, लगेच खेळ पुढे सुरू. अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी कोचपैकी एक माणूस सरावात काय बोलतो, हे कळायला कुणीतरी कडेला बसून मोजावं लागलं.

अल क्वोजमध्ये कडेला बसायला मानसशास्त्रज्ञ मिळत नाही. फोन मिळतो. म्हणून या पुस्तिकेचं मुख्य सांगणं असं, की शनिवारच्या सरावातली दहा मिनिटं फोन पोरांवरून काढून स्वतःकडे वळवा.

याचे बारकावे दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहेत, पण चव कळावी म्हणून इथे थोडं सांगतो. फोन स्टँडवर, मैदानाच्या कोपऱ्यात, जाळीच्या आत, छातीच्या उंचीवर. जाळीच्या बाहेर ठेवला तर कॅमेरा जाळीवरच फोकस करतो आणि कोच धूसर येतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच कुणाचा तरी ‘किती वाजता संपणार?’ असा कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, एसीची घरघर असते, शेजारी ग्राइंडर चालू असतो. फोनच्या स्वतःच्या माइकवर काही ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, तो स्वस्तात मिळतो आणि या सगळ्या उद्योगात पैसे घालण्यासारखी तेवढी एकच वस्तू आहे. दहा मिनिटं पुरे. तासाभराचं रेकॉर्डिंग कुणी पुन्हा बघत नाही.

घरी बघताना कागद-पेन्सिल घ्या आणि तीनच गोष्टी मोजा. पोरं किती वेळ उभी होती? मी किती वेळ बोलत होतो? मी कुणाकुणाचं नाव घेतलं? खेळाची समज, पासचा कोन, पाय कुठला वापरला, यातलं काहीही पहिल्या दोन-तीन महिन्यांत बघू नका. बघावंसं वाटेल, मोह आवरा.

आमच्यातल्या एका कोचचं पहिलं रेकॉर्डिंग मला चांगलं आठवतं. स्वभावाने अबोल माणूस. आपण तर फार कमी बोलतो, पोरांना खेळू देतो, असं तो मनापासून समजून होता. दहा मिनिटांतली साडेचार मिनिटं तो एकटा बोलत होता. चेंडू पायाखाली दाबून, हातवारे करत, तीन भाषांत. पोरं त्याच्याभोवती गोल करून उभी. एकाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, दोघांनी एकमेकांच्या पायावर पाय दिले, एक मुलगी जाळीतून बाहेरच्या मांजराकडे बघत होती. त्या मुलीचं नाव त्याने सगळ्या दहा मिनिटांत एकदाही घेतलं नाही. स्वतःच्या मुलाचं नाव अकरा वेळा घेतलं, बहुतेक वेळा रागावून. हे सगळं त्याने स्वतः मोजलं. कुणी त्याला काही म्हटलं नाही, म्हणण्याची गरजही उरली नाही.

पण एकट्याने बघण्याला मर्यादा आहे. चार आठवड्यांत माणूस स्वतःला माफ करायला लागतो. तिथे दुसरं माणूस लागतं, आणि ऑनलाइनचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आपल्याला कोर्समधला अनोळखी व्याख्याता नको आहे; ओळखीचा, खेळलेला, आपली पोरं आणि आपला स्वभाव दोन्ही हळूहळू जाणून घेणारा एखादा माणूस हवा. तो कोल्हापुरात असेल, नागपुरात असेल, मडगावला असेल. नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ने, विजय बारसे सरांनी २००१ पासून उभ्या केलेल्या कामाने, वस्तीतली पोरं खेळाडू म्हणून घेतली आणि त्यातून कोच घडवले. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरातून सुरू झालेल्या ‘ऑस्कर फाउंडेशन’मध्येही मोठी झालेली पोरं लहानांना शिकवतात. महाराष्ट्रात अशी शिकवून मुरलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना विचारा. मान द्या, मानधनही द्या.

आमच्या एका कोचने गावाकडच्या अशाच एका जुन्या खेळाडूला, अण्णांना, गाठलं. क्लिप आदल्या दिवशी पाठवायची, मग दोघांनी एकत्र बघायची. इथे एक स्थानिक अडचण सांगून ठेवतो: अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. झूम किंवा टीम्स चालतं, बोटिम चालतं. समोरच्या म्हाताऱ्याला त्यातलं एक काहीतरी आधी शिकवावं लागतं, आणि तो तास सर्वांत अवघड. वेळेत दीड तासाचा फरक आहे. दुबईत रात्री आठ म्हणजे तिकडे साडेनऊ, जेवणं झालेली, माणूस निवांत. अण्णा क्लिप बघताना फार बोलत नाहीत. एकदा मधेच म्हणाले, “थांबीव. मागं घे जरा. ती कडंची पोरं किती वेळ उभी हाईत रं?” कोच म्हणाला, “अण्णा, मी त्यांना समजावून सांगत होतो.” अण्णा म्हणाले, “तू सांगत हुतास खरं, पोरं कुठं ऐकत हुती?” एवढंच बोलून त्यांनी क्लिप पुढे सरकवायला सांगितली. कोणत्याही महासंघाच्या कोर्समध्ये हे शिक्षण एवढ्या थोडक्यात मिळालेलं मी पाहिलेलं नाही.

या पद्धतीतले धोके नजरेआड करण्यासारखे नाहीत, म्हणून त्यांना पुस्तिकेत एक आख्खं प्रकरण दिलं आहे. पहिला धोका कायद्याचा. अमिरातीत संमतीशिवाय दुसऱ्याचं चित्रण करणं आणि ते पसरवणं ही गंभीर बाब आहे. २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा त्यावर कडक आहे, आणि मुलांच्या हक्कांसाठी २०१६ चा वदीमा कायदा वेगळा आहेच. कॅमेरा कोचवर असला तरी पोरं चौकटीत येतातच. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या, क्लिप कशासाठी आहे ते त्यात लिहा, कोण बघणार ते लिहा, कधी पुसली जाईल तेही लिहा. एका पालकाने नाही म्हटलं तर त्या पोराला बाजूला बसवायचं नाही. त्या दिवशी कॅमेरा बंद ठेवायचा किंवा ते पोर ज्या भागात खेळतंय तो भाग चौकटीबाहेर ठेवायचा. पालकांच्या ग्रुपवर क्लिप टाकायची नाही, अगदी पोराने सुरेख गोल मारला असला तरी नाही. तिथून ती कुठे जाईल याचा नेम नाही, आणि त्याच क्लिपमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी पोर पडलेलं असतं. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल फिफाचा ‘गार्डियन्स’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. पुस्तिकेत आम्ही सक्तीचा म्हणून सांगितलेला तो एकमेव कोर्स.

दुसरा धोका अ‍ॅपवर विसंबण्याचा. व्हिडिओवर रेघा मारून दाखवणारं ‘कोचेस आय’ नावाचं एक अ‍ॅप जगभरच्या प्रशिक्षकांत फार लाडकं होतं. २०२२ साली ते बंद झालं, आणि ज्यांचा सगळा संग्रह त्यातच होता त्यांना गाशा गुंडाळायची धावपळ करावी लागली. आपली नोंद वहीत ठेवा, जपण्यासारखी क्लिप आपल्या डिस्कवर ठेवा. आपोआप चेंडूमागे फिरणारे महागडे कॅमेरे आता निघालेत, मोठे क्लब ते वापरतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. ते चेंडूकडे बघतात, आणि आपल्याला कोच बघायचा आहे.

उन्हाचंही तसंच. हवामानाचं अ‍ॅप छत्तीस अंश दाखवतं आणि माणूस बाहेरच्या मैदानावर सराव ठेवतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या संध्याकाळी दुबईत हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, आणि अंगाची उष्णता बाहेर पडायचा मार्ग बंद होतो. म्हणून खेळात तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरून काढलेला आकडा वापरतात. तो ३२ च्या वर गेला की फिफाच्या सामन्यांत मोठ्या, तयार खेळाडूंनाही पाणी पिण्यासाठी थांबवतात. आठ वर्षांच्या पोरांसाठी रेघ त्याच्या बरीच अलीकडे ओढा. एखादं पोर गप्प झालं, लाल झालं, चालताना अडखळलं, तर कुठलंही अ‍ॅप बघत बसू नका. सावली, गार पाणी अंगावर, फोन ९९८. प्रथमोपचार आणि छातीवर दाब देण्याचं शिक्षण पडद्यावर होत नाही. रबरी पुतळ्यावर हात ठेवून, घाम गाळून ते शिकावं लागतं, आणि त्यासाठी एक दिवस सुट्टी टाकावी लागली तरी टाका.

पडद्यावर न होणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. हरलेल्या सामन्यानंतर कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेल्या पोराशेजारी जाऊन बसायचं की त्याला थोडा वेळ एकटं सोडायचं, हे त्या क्षणी, त्या पोराकडे बघूनच ठरतं. दुसऱ्या संघाच्या कोचशी हात कसा मिळवायचा, आपल्या पोराला बाकावर बसवल्यावर घरी बायकोला काय सांगायचं (हा प्रश्न आमच्याकडे इतर सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त वेळा आला आहे), रमजानात सराव रात्री उशिरा ठेवला तर दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या घेणाऱ्या पोरांचं काय करायचं, यांची उत्तरं कुठल्याही संकेतस्थळावर नाहीत. ती कोचांनी एकमेकांशी चहा पिताना बोलून काढायची असतात. अल क्वोजमध्ये करक चहाच्या टपऱ्यांची कमतरता नाही.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं कडवट बोलावं लागतं. ऑनलाइन कोर्स संपला की पीडीएफ येतं, ते लिंक्डइनवर जातं, अभिनंदनांचा पाऊस पडतो. त्यात वाईट काही नाही. नोकरीधंद्याच्या गावात माणूस कागद जपतोच. पण एकामागून एक पाच कोर्स केलेला आणि तरीही पोरांना रांगेत उभं करणारा कोच मी पाहिला आहे, आणि एकही कोर्स न केलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, पण प्रत्येक पोराचं नाव आणि त्याचा आवडता पाय लक्षात ठेवणारा कोचही पाहिला आहे. ज्याला पुढे जायचं आहे, मोठ्या गटांना शिकवायचं आहे, त्याने परवान्याची शिडी जरूर चढावी. सुट्टीत भारतात जाऊन डी परवान्याचे दिवस काढावेत. बाकीच्यांनी आधी आपली दहा मिनिटं बघावीत.

पुस्तिका कशी वाचावी, याबद्दल थोडं. पहिलं प्रकरण वयोगटांचं आहे: सहा-सात वर्षांच्या पोराला तीन नंबरचा चेंडू का, आठ-नऊ वर्षांपासून चार नंबरचा का, हेडिंग लहानपणी का टाळायचं. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग २०१५ साली बंद केलं, आणि गोदामात छत उंच असलं तरी आपल्यालाही त्याची गरज नाही. दुसरं प्रकरण कॅमेऱ्याचं. तिसरं दूरच्या मार्गदर्शकाशी बोलायचं कसं, क्लिप कापायची कशी, आणि त्याने टोचून बोललं तर तोंड कसं बंद ठेवायचं. चौथं संमती, कायदा आणि सुरक्षिततेचं. पाचव्यात गोदामी मैदानाला बसणारे थोडे खेळ दिले आहेत, मुद्दाम थोडेच. अधिक दिले असते तर तुम्ही पुन्हा जमवायला लागला असता. ज्यांना वेळ नाही त्यांनी दुसरं प्रकरण वाचून शनिवार गाठावा आणि बाकीचं नंतर बघावं. चौथं मात्र कॅमेरा चालू करण्याआधी वाचल्याशिवाय सुटका नाही.

गोलकीपरवर या पुस्तिकेत काहीच नाही, हे वाचकांच्या लक्षात येईलच. आमच्यात गोलमध्ये नीट उभा राहिलेला एकही माणूस नाही. डाइव्ह कशी मारायची हे दुसऱ्याचे व्हिडिओ बघून लिहिणं शक्य होतं, पण टर्फवर कोपर सोलून घेतलेलं पोर उद्या आमच्याकडे घेऊन कुणी आलं तर आम्ही काय सांगणार? वाचकांत कुणी जुना कीपर असेल तर ते प्रकरण त्याने लिहावं. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी जागा ठेवली आहे.